शेजारची शहरे आणि सामाईक वाहतूक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या भागात एकमेकांपासून दहा-पंधरा किलोमीटरवर चार लहान शहरे आहेत. प्रत्येक पालिकेने स्वतःचा वाहतूक आराखडा केला आहे. तरीही शेजारच्या शहरातील रुग्णालयात जायचे, तर वाटेत बस बदलावी लागते आणि मधल्या स्थानकात पाऊण तास ताटकळत बसावे लागते. दोष आराखड्यात आहे की अंमलबजावणीत?

उत्तर : दोष आराखडा जिथे संपतो त्या रेषेत आहे. पालिकेची हद्द करआकारणीसाठी आणि कारभारासाठी आखलेली असते. लोकांचा दिवस त्या हद्दीत मावत नाही, आणि लहान शहरांत तर मुळीच मावत नाही, कारण तिथे एका ठिकाणी रुग्णालय असते, दुसऱ्या ठिकाणी महाविद्यालय, तिसऱ्या ठिकाणी बाजारपेठ आणि चौथ्या ठिकाणी कारखाने. चारही मिळूनच एका शहराच्या गरजा भागतात. अशा वेळी चार स्वतंत्र आराखडे कितीही काळजीपूर्वक केले, तरी सर्वांत महत्त्वाचा प्रवास त्यांच्या मधल्या फटीत पडतो.

म्हणून पहिले काम म्हणजे प्रवासांची एकत्रित नोंद. लोक कुठून निघतात, कुठे पोहोचतात आणि किती वाजता, हे चारही शहरांनी एकाच नमुन्यात आणि एकाच आठवड्यात नोंदवले पाहिजे. ही मोजणी केवळ बसमध्ये करून भागत नाही, कारण सोयीची बस नाही म्हणून जे प्रवासच टाळतात किंवा नाइलाजाने खासगी वाहन करतात, ते तिथे भेटत नाहीत. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आणि महाविद्यालयाच्या फाटकाशी उभे राहून विचारले, म्हणजे खरे चित्र समोर येते.

आपल्या पाऊण तासाकडे आता जवळून पाहू. समजा, आपली बस मधल्या स्थानकात 8 वाजून 10 मिनिटांनी पोहोचते, पुढची बस 8 वाजून 5 मिनिटांनी सुटलेली असते आणि त्यानंतरची 8 वाजून 55 मिनिटांनी आहे. हुकलेली गाडी 8 वाजून 17 मिनिटांनी सोडली, तर एकही जादा बस किंवा चालक न लावता प्रतीक्षा सात मिनिटांवर येते. मात्र त्या बसच्या दुसऱ्या टोकाला शाळा असेल, तर बारा मिनिटांचा हा बदल विद्यार्थ्यांची पहिली तासिका बुडवू शकतो. एका पालिकेने परस्पर वेळ बदलणे म्हणूनच धोक्याचे आहे. दोन्ही बाजूंचे वेळापत्रक करणारे अधिकारी एका टेबलाशी बसले, तरच हा गुंता सुटतो.

प्रश्न : अशी जुळवाजुळव प्रत्येक फेरीसाठी वेगळी करावी लागली, तर ती कधीच पूर्ण होणार नाही. यासाठी काही कायमची पद्धत आहे का?

उत्तर : आहे, आणि स्वित्झर्लंडने ती रेल्वेच्या बाबतीत देशभर राबवून दाखवली आहे. तिथे 1982 पासून गाड्या दर तासाला त्याच ठरावीक मिनिटाला सुटू लागल्या, त्यामुळे एका तासाचे वेळापत्रक जुळले की दिवसभराचे जुळते. पुढे 1987 च्या सार्वमतात तेथील मतदारांनी ‘बान 2000’ या विस्तार योजनेला मान्यता दिली. तिचे तत्त्व असे, की मुख्य स्थानकांत सर्व दिशांच्या गाड्या पूर्ण तासाच्या थोड्या आधी याव्यात, प्रवाशांनी गाडी बदलावी आणि सर्व गाड्या लगेच पुढे निघाव्यात. हे साधण्यासाठी बर्न आणि झुरिक यांमधला प्रवास तासाच्या आत बसवणे भाग होते. तेवढ्यासाठी बांधलेला नवा लोहमार्ग डिसेंबर 2004 मध्ये सुरू झाला. म्हणजे आधी वेळापत्रक ठरले आणि मग बांधकाम.

माझ्या मते लहान शहरांनी घेण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट हा क्रम आहे. समजा, बस दर अर्ध्या तासाला आहेत आणि दोन स्थानकांमधल्या प्रवासाला 33 मिनिटे लागतात. मग प्रवासी जोडबसला, म्हणजे बदलून जिच्यात बसायचे त्या पुढच्या बसला, दोन-तीन मिनिटांनी मुकतो आणि त्याचा अर्धा तास वाया जातो. अनावश्यक वळसा काढून किंवा एखाद्या चौकातील कोंडी सोडवून हा प्रवास 26 मिनिटांवर आणता आला, तर त्या सात मिनिटांमुळे जवळजवळ अर्धा तास वाचतो. उलट 25 मिनिटांचा प्रवास मोठा खर्च करून 20 मिनिटांवर आणला आणि पुढची बस आहे त्याच वेळेला सुटत राहिली, तर गाडी बदलणारा प्रवासी स्थानकात पाच मिनिटे जास्त थांबतो, एवढाच फरक पडतो. कोणत्या रस्त्यावर आधी खर्च करावा याचे उत्तर वेळापत्रकातून मिळते, आणि ते न पाहता केलेले रुंदीकरण पुष्कळदा चुकीच्या ठिकाणी होते.

अर्थात बसला रेल्वेसारखा स्वतंत्र मार्ग नसतो, त्यामुळे वेळापत्रकात थोडी मोकळीक ठेवावीच लागते. त्याशिवाय दिवसाच्या शेवटच्या जोडबसने उशिरा येणाऱ्या बससाठी किती मिनिटे थांबायचे, हे लेखी ठरलेले असावे आणि दोन्ही चालकांना ते ठाऊक असावे. शेवटची गाडी चुकण्याची धास्ती असेल, तर माणूस सकाळची बससुद्धा धरत नाही.

प्रश्न : आमची पालिका चौघांत सर्वांत लहान आहे. सामाईक बससेवेची तूट कोणत्या हिशोबाने वाटावी, म्हणजे आमच्यावर अन्याय होणार नाही?

उत्तर : प्रचलित मोजमापांपैकी एकही पूर्णपणे न्याय्य नाही, हे आधी मान्य करून बोलणीला बसावे. अंतरानुसार वाटणी केली, तर ज्या शहराच्या हद्दीतून लांब रस्ता जातो, पण जिथे थांबे मोजकेच आहेत, त्याला भुर्दंड पडतो. लोकसंख्येनुसार केली, तर ज्यांना सर्व सोयी घरालगत आहेत, अशा मोठ्या शहरातील लोकांवर इतरांच्या प्रवासाचा भार येतो. थांब्यावर चढणाऱ्या प्रवाशांनुसार केली, तर आणखी एक घोटाळा होतो : आपल्या शहरातील रुग्ण परतताना रुग्णालयापाशी चढतो आणि त्याची नोंद रुग्णालय असलेल्या शहराच्या नावावर होते. निम्मी तूट धावलेल्या किलोमीटरनुसार आणि निम्मी प्रवाशांच्या राहत्या शहरानुसार वाटावी, आणि प्रवाशांची मोजणी ठरावीक मुदतीने पुन्हा करावी, असे मी सुचवीन.

तुटीबरोबर तिकिटाचाही विचार व्हायला हवा. बस बदलताच पहिल्या टप्प्याचे भाडे पुन्हा आकारले जात असेल, तर प्रवासी हद्द ओलांडल्याचा दंडच भरत असतो. जर्मनीतील हॅम्बर्ग येथे 1965 मध्ये अनेक वाहतूक कंपन्यांनी एकत्र येऊन संघ स्थापन केला, पुढे सामाईक तिकीट सुरू केले आणि जमा झालेले उत्पन्न आपसांत वाटून घेण्याची व्यवस्था केली. चार लहान पालिकांना एवढी मोठी यंत्रणा लागत नाही, परंतु एक तिकीट आणि उत्पन्नाचा एक हिशोब एवढे तरी त्यांना करता येईल.

प्रश्न : हे सर्व करण्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण लागेल का?

उत्तर : प्राधिकरणाची वाट पाहू नये. अमेरिकेत 1962 च्या कायद्याने 50,000 पेक्षा अधिक लोकवस्तीच्या नागरी क्षेत्रांत शहरांनी एकत्रित वाहतूक नियोजन करणे बंधनकारक केले, पण त्या आकड्याखालची शहरे त्या बंधनाबाहेर राहिली. तिथल्या ग्रामीण भागांतील प्रादेशिक नियोजन संस्थांची संघराज्याच्या कायद्यात औपचारिक दखल घेतली गेली ती 2012 मध्ये. चारही पालिकांचे सारखे ठराव, एक लेखी करार आणि चौघांनी मिळून नेमलेला एक पूर्णवेळ वाहतूक अधिकारी एवढ्यावर काम सुरू होऊ शकते. करारात बाहेर पडण्याची अट मात्र स्पष्ट हवी. किती महिने आधी कळवायचे आणि तोवरचा खर्च कोणी द्यायचा, हे लिहिलेले नसेल, तर एका पालिकेत सत्ताबदल होताच सेवा कोलमडते.

प्रश्न : नवा बाह्यवळण रस्ता झाल्यापासून लांबच्या बस आमच्या शहरात येतच नाहीत, बाहेरच्या फाट्यावर उतरवतात. त्यांना पुन्हा आत आणण्याची मागणी करावी का?

उत्तर : सर्वच बस आत आणल्या, तर पुढच्या शहरांच्या प्रवाशांचा वेळ जातो आणि वर सांगितलेली जुळणी बिघडते, म्हणून त्या मागणीला शेजारची शहरे विरोध करतील. त्याऐवजी काही ठरावीक फेऱ्या आत आणाव्यात आणि उरलेल्या फेऱ्यांच्या वेळा धरून फाट्यापर्यंत शहराची छोटी बस चालवावी, अशी मागणी करा. फाट्यावर छप्पर, दिवा आणि शहरापर्यंत सलग पदपथ हवा, तसेच रस्ता सुरक्षितपणे ओलांडण्याची सोयही हवी, कारण परतीची बस नेहमी समोरच्या बाजूला थांबते.