पावसातली मॅच: छत्री घरी ठेवा, पोराला घेऊन जा

शनिवारी रात्री अंधेरीच्या फुटबॉल अरेनात मॅच, दहा वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच स्टेडियममध्ये येणार, आणि हवामान खात्याने यलो अलर्ट देऊन ठेवलाय. मॅच रद्द होईल का, आणि पोराला न्यावं की तिकिटं सोडून द्यावीत, असं तुम्ही विचारलंय.

न्या. पाऊस पडतोय म्हणून फुटबॉल थांबत नाही. आपले डोळे क्रिकेटवर वाढलेले, चार थेंब पडले की कव्हरं कुठून येतायत ते शोधतात. इथे कुणी येत नाही. पावसाच्या बाबतीत रेफरी दोनच गोष्टींना घाबरतो: विजा, आणि चेंडू सरकणारच नाही इतकं साचलेलं पाणी. मॅचआधी तो मैदानात फिरून चेंडू हातातून सोडताना दिसला, तर नीट बघा. चेंडू उडाला तर मॅच होणार. थप्पकन जागीच बसला तर चहा मागवा, वेळ लागणार.

आता ऑक्टोबर आहे, म्हणजे परतीचा पाऊस. जुलैसारखा दिवसभर लावून धरत नाही, संध्याकाळी गडगडाट करत येतो, तासभर झोडपतो आणि जातो. त्यामुळे तुम्हाला पाण्यापेक्षा विजांची शक्यता जास्त. विजांसाठी खेळ थांबवला तर शेवटच्या गडगडाटानंतर साधारण अर्धा तास वाट बघतात. तेवढ्यात कंटाळून घर गाठणारे बरेच असतात, त्यांच्यातले होऊ नका. मात्र वीज चमकत असताना उघड्या स्टँडमध्ये बसून राहू नका, जिन्याखाली, आतल्या बाजूला या. आणि रेड अलर्ट आला तर विषयच संपला, घरी भजी तळा.

मी 4 जून 2018 ला त्याच मैदानावर होतो. त्याआधी तीन दिवस, 1 जूनला, भारताने चायनीज तैपेईला, म्हणजे तैवानच्या संघाला, 5-0 हरवलं होतं आणि बघायला जेमतेम अडीच हजार माणसं. मग भारताच्या कर्णधाराने, सुनील छेत्रीने, तो व्हिडिओ टाकला: शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियममध्ये येऊन करा. पुढची मॅच केनियाशी, छेत्रीची शंभरावी. तिकिटं संपली, आणि नेमका त्याच दिवशी आभाळ फाटलं. मला वाटलं होतं निम्मे लोक घरी बसतील. कोणी बसलं नाही. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा डोक्याला दुधाची पिशवी बांधून बसले होते, आणि चेंडू केनियाच्या बाजूला गेला की उभे राहून तीच काढून हवेत फिरवायचे. पूर्वार्ध कोरडा गेला, म्हणजे गोलच्या बाबतीत. 68व्या मिनिटाला छेत्रीची पेनल्टी, तीन मिनिटांनी जेजे लालपेखलुआचा गोल, आणि अगदी शेवटी छेत्रीने गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद उचलून तिसरा. तेव्हा आमच्या अंगावर कोरडं असं काही उरलं नव्हतं आणि कुणाला त्याची शुद्धही नव्हती.

त्या दिवशी मी शहाण्यासारखी छत्री नेली होती. छत्री आत सोडत नाहीत. टोक लागतं, आणि मागच्याला काही दिसत नाही, दोन्ही कारणं बरोबरच आहेत. मी ती बाहेरच्या एका टपरीवर ठेवली. मॅच संपून आलो तर टपरी बंद, शटर खाली, छत्री आत. म्हणून सांगतो, रेनकोट. मुलाला शर्ट-पँटवाला, गुडघ्यापर्यंतचा झगा नको, बसल्यावर त्याचं सगळं पाणी मांडीवर जमतं. पॉवर बँक, पाण्याची बाटली हेही बहुतेक वेळा गेटवर काढून घेतात. तिकिटाच्या क्यूआरचा स्क्रीनशॉट घरीच काढून ठेवा. ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही आणि मागे दोनशे माणसं ओरडत असतात. पोराचा एक कोरडा टी-शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून स्वतःच्या रेनकोटच्या आत ठेवा. परतीच्या एसी मेट्रोत त्याची किंमत कळेल.

बसायला जमेल तितकं वर बसा. खालच्या रांगांत छताखालीही वाऱ्याने सपकारे येतात, आणि वरून मैदानातली डबकी दिसतात. खेळाडू सराव करताना पोराला काम द्या: चेंडू कुठल्या कोपऱ्यात अडतोय ते शोध. नुसत्या ओल्या गवतावर चेंडू घसरून वेगात जातो, साचलेल्या पाण्यात मात्र ब्रेक लागल्यासारखा थांबतो. एकाच मैदानावर दोन्ही होतं, त्यामुळे जमिनीवरून पास देणारा संघ गोंधळतो. लांबून सरपटत मारलेले फटके बघायला सांगा, समोर टप्पा पडून घसरलेला चेंडू गोलकीपरच्या हातून सुटतोच. 1974 च्या वर्ल्डकपमध्ये फ्रँकफर्टला पोलंड आणि पश्चिम जर्मनीची मॅच अशाच मैदानावर झाली. अग्निशमन दलाने पंप लावून पाणी उपसलं, तरी पोलंडचे वेगवान विंगर, म्हणजे कडेने धावणारे आक्रमक, चिखलात रुतले आणि गेर्ड म्युलरच्या एका गोलवर जर्मनी फायनलला गेली. पोलंडवाले अजून त्या पावसाला बोल लावतात.

परतताना रिक्षाच्या नादी लागू नका. पावसात अंधेरीचा रिक्षावाला आपल्याकडे बघतसुद्धा नाही, आणि पूर्वेला जायचं असेल तर रेल्वेखालच्या सबवेत पाणी भरलं की तो रस्ताच बंद. आझादनगर मेट्रो चालण्याच्या अंतरावर आहे आणि ती वरून जाते, खाली काय साचलंय याच्याशी तिचा संबंध नाही. शिट्टी झाल्यावर लगेच उठू नका, पंधरा मिनिटं बसून राहा. ओल्या जिन्यावर गर्दीत दहा वर्षांचं पोर घेऊन उतरणं, एवढी एकच गोष्ट मला या सगळ्यात धोक्याची वाटते.

आणि हो, त्याला शाळेचे बूट घालून आणू नका. वर्तमानपत्राचे बोळे कोंबले तरी दोन दिवस वाळत नाहीत, आणि सोमवारी शाळा आहे.