मामांचा हिशेब नंतर, आधी तारीख

उजळाईवाडीच्या एका वाचकाने विचारलंय: ९ सप्टेंबरला शिरोलीजवळ हायवेवर ट्रकने वडिलांच्या मोटारसायकलला धडक दिली. वय ५८. मणक्याला मार, कमरेखाली हालचाल नाही. २० नोव्हेंबरला डिस्चार्ज मिळाला. रात्री ब्युरोचे मामा, म्हणजे रुग्णाची देखभाल करणारा पगारी माणूस, असतात, महिन्याला १५,००० रुपये. दिवसा आई करते. ‘हा खर्च क्लेममध्ये कसा धरायचा? सगळ्या पावत्या जमल्या की दावा लावतो, २० मेपर्यंत मुदत आहेच.’

नाही! तुम्ही सहा महिने डिस्चार्जपासून मोजलेत. मोटार वाहन कायद्याचं कलम १६६(३) ते अपघाताच्या दिवसापासून मोजतं. म्हणजे मुदत मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात संपते. अशी पत्रं मला सारखी येतात आणि बहुतेकांत कोणीतरी काका ‘अपघाताच्या दाव्याला मुदत नसते’ म्हणालेले असतात. काकांचं १९९४ पासून खरं होतं, १ एप्रिल २०२२ पासून नाही. या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर घरी बसू नका. पोलिसांनी मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे (हे दावे ऐकणारं कोर्ट) पाठवलेला अहवाल अर्ज म्हणून धरता येतो, पण तो खरंच गेला का, नोंदला गेला का, हे कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात जाऊन स्वतः बघा. तरीही तुमचा वेगळा अर्ज फेब्रुवारीतच दाखल करा. आकडा अंदाजे चालेल, तो नंतर दुरुस्त होतो. पावत्याही मागाहून देता येतात.

आता मामांचा हिशेब. आजवर दिलेले पैसे जोडून थांबू नका, आणि ‘अजून वीस वर्षं जगतील’ असंही गणित मांडू नका. काजल विरुद्ध जगदीशचंद या २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने देखभालीच्या खर्चालाही गुणक लावला, म्हणजे वर्षाचा खर्च वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणला. ५८ व्या वर्षी गुणक ९. एक माणूस धरला तर १५,००० गुणिले १२ गुणिले ९, म्हणजे १६,२०,०००. दोन पाळ्या धरल्या तर ३२,४०,०००. हा फरक डॉक्टरांच्या एका वाक्यावर ठरतो: ‘चोवीस तास माणूस लागतो आणि कायम लागणार.’ तसं लेखी घ्या, आणि डॉक्टर साक्षीला येतील का तेही आत्ताच विचारा. आईच्या दिवसपाळीला पगार नाही म्हणून ती सोडू नका, मागा. न्यायाधीश त्याचे किती धरतील ते मात्र मी सांगू शकत नाही.

‘पुढचा खर्च पुढे मागू’ हेही जमणार नाही. एकदा अवॉर्ड, म्हणजे भरपाईचा निकाल, झाला की वाढीव खर्चासाठी त्याच प्राधिकरणाकडे परत जाता येत नाही. रक्कम कमी वाटली तर ९० दिवसांत अपील. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच असल्याने त्यासाठी मुंबईच्या खेपा नाहीत. खालच्या कोर्टातल्या तारखा मात्र होत्या तशाच आहेत, वर्षं जातील हे धरूनच चाला.

आणि ब्युरोला रोख देणं आजपासून बंद. मामांच्या सहीची वही नाही, पावती नाही, इतके महिने कसले पैसे दिलेत हो? विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. मागच्या महिन्यांचा दाखला ब्युरोच्या मालकाकडून लेटरहेडवर घ्या, आणि यापुढे फोनवरून पैसे पाठवताना महिना लिहा.