फक्त एसएसएच हाताशी असताना लिनक्सच्या जागी फ्रीबीएसडी बसवता येते का?

बसवता येते. तुम्ही विचारले आहे की भाड्याच्या सर्व्हरवर लिनक्सच मिळते, कन्सोल म्हणजे यंत्राचा स्वतःचा पडदा-कीबोर्ड नाही आणि दुरून आज्ञा देण्यासाठी एसएसएच तेवढे आहे, तर फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली दुसरी कार्यप्रणाली बसवण्याचा हा खटाटोप म्हणजे लिनक्सवाले म्हणतात तसा नुसता हट्ट आहे का. हा ‘हट्ट’ शब्द मीही ऐकून घेतलेला आहे, म्हणून लिहितो.

कॉलिन पर्सिव्हल यांनी याच कामासाठी २००३ साली डीपेंग्विनेटर लिहिले. पेंग्विन हे लिनक्सचे बोधचिन्ह असल्यामुळे नावातच खोडी होती आणि ती लिनक्सवाल्यांच्या बरोबर वर्मी लागली. मी मात्र मार्टिन मातुश्का यांचे एमएफएसबीएसडी हे फ्रीबीएसडीचे छोटेखानी रूप वापरले. ते सुरू होताच संपूर्ण प्रणाली मेमरीत चढते, त्यामुळे डिस्क मोकळी होते आणि तिच्यावर खरी स्थापना करता येते. चालू लिनक्समधूनच मी त्याची इमेज, म्हणजे डिस्कवर जशीच्या तशी उतरवायची फाइल, डीडी या नक्कल करणाऱ्या आज्ञेने डिस्कच्या आरंभी लिहिली, आणि पायाखालची डिस्क पुसलेली असताना रीबूटची आज्ञा सापडेलच असे नसल्यामुळे लिनक्सच्या गाभ्याला थेट आज्ञा देणाऱ्या सिसआरक्यू-ट्रिगर या फाइलमध्ये ‘बी’ हे एकच अक्षर लिहून यंत्र पुन्हा सुरू केले. दुसऱ्या खिडकीत, यंत्र जागे झाले का हे विचारत राहणारे पिंग चालू होते. दहा मिनिटे झाली, अर्धा तास झाला, उत्तर आले नाही.

कारण क्षुल्लक होते. लिनक्समध्ये ज्या नेटवर्क कार्डाला ईटीएच-शून्य म्हणत, त्याला फ्रीबीएसडी ड्रायव्हरवरून नाव देते: इंटेलचे असेल तर ईएम-शून्य, रिअलटेकचे असेल तर आरई-शून्य. मी इंटेल गृहीत धरून संरचनेत ईएम-शून्य लिहिले होते आणि कार्ड रिअलटेकचे निघाले. यंत्रातली कार्डे दाखवणारे एलएसपीसीआय एकदा चालवले असते तर हे आधीच कळले असते. त्यावर एका सहकाऱ्याने चारचौघांत शेरा मारला की तुमच्या सैतानाला (फ्रीबीएसडीचे बोधचिन्ह छोटा लाल सैतान आहे) स्वतःचे नेटवर्क कार्डसुद्धा ओळखता येत नाही. सैतानाने कार्ड बिनचूक ओळखले होते, नाव मी चुकीचे लिहिले होते, हे त्याला अजूनही मान्य नाही. ज्या ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रणालीतून तो रोज आपल्या लिनक्समध्ये शिरतो, ती १९९९ साली फ्रीबीएसडीच्या भावंडाच्या, ओपनबीएसडीच्या मंडळींनी घडवली, याचाही त्याला सोयीस्कर विसर पडतो.

दुसऱ्या खेपेस मी कार्डाचे नाव लिहिलेच नाही. एमएफएसबीएसडीच्या संरचनेत मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक, देऊन आयपी बांधता येतो, तसा तो बांधला, आधी आभासी यंत्रावर पूर्ण तालीम केली, आणि पिंगला उत्तर आल्याचे चित्र त्या सहकाऱ्याला पाठवले. त्याने त्यावर अवाक्षर काढलेले नाही.

तुम्हीही नाव न लिहिता मॅक पत्ताच द्या. तयार इमेजमधला रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचा, पासवर्ड जगजाहीर असतो, तो बदला. डेटाची प्रत दुसऱ्या यंत्रावर असल्याशिवाय डीडीला हात लावू नका. आणि हो, सर्व्हर देणाऱ्याकडे रेस्क्यू प्रणालीची, म्हणजे डिस्कला न धरता यंत्र सुरू करण्याची, सोय आहे का ते आधी विचारा. असेल तर यातले निम्मे धाडस करण्याची गरजच नाही.