पैठणचा ठ का टिकला?

प्रश्न : कादंबरीसाठी एक भाषा रचतो आहे. मूळ भाषेचे साठ शब्द केले आणि त्यांना दोन नियम लावले : दोन स्वरांमधला एकटा क, त, प गळतो, क्क, त्त, प्प अशी जोडी एकेरी होते. पण 'नेको' (पाऊस) आणि 'नेक्को' (दगड) दोन्हींचं 'नेओ' झालं. असे पुष्कळ शब्द एक झालेत. चुकतंय कुठे? (एक वाचक, परभणी)

उत्तर : नियम चांगले आहेत, क्रम उलटा लागलाय. जोडी आधी सोडवलीत, त्यामुळे नेक्कोचा नेको झाला आणि मग त्याचाही क गळाला. गळती आधी लावा. पाऊस 'नेओ' होईल, दगड 'नेको' राहील.

मराठीत हेच घडलंय. 'शत'मधला एकटा त प्राकृतातच गेला, म्हणून 'दोनशे'त तो नाही. 'सप्त'चं मात्र 'सत्त' झालं, जोडीच्या आडोशाला त वाचला. जोडी सुटली तोवर गळतीचा काळ सरला होता; सुटताना आधीचा स्वर तेवढा लांबला आणि 'सात' झालं. पैठणही तसंच : प्रतिष्ठान, पइट्ठाण, पैठण. स्वरांमधल्या एकट्या ठचा प्राकृतात ढ होई, जसं 'पठति'चं 'पढइ'. ट्ठ तेव्हाच सुटला असता तर गावाचं नाव 'पैढण' झालं असतं.

वहीत रकाने आखा. एका रकान्यात एकच नियम. साठही शब्द त्यातून काढल्याशिवाय पुढच्या रकान्याला हात लावू नका. एकेक शब्द शेवटपर्यंत नेत गेलात की क्रम हमखास घसरतो. मधली रूपं खोडू नका, चूक तिथेच सापडते.

आणि नियम लावायचे ते प्रत्यय जोडलेल्या रूपांना. इ-ईपुढे सचा श होतो म्हणून आपल्याकडे 'म्हैस', पण 'म्हशी'. आजच्या शब्दाला वरून प्रत्यय चिकटवला तर असली रूपं मिळतच नाहीत, आणि भाषेला जिवंतपणा आणतात ती हीच रूपं.

प्रश्न : काही शब्दांना नियमातून सूट दिली तर चालेल? (एक वाचक, लातूर)

उत्तर : कारण असेल तरच. बदल होऊन गेल्यावर उसना घेतलेला शब्द सुटतो : संस्थांच्या नावांतलं 'प्रतिष्ठान' संस्कृतातून पुन्हा घेतलेलं, म्हणून ते 'पैठण'च्या जोडीला जसंच्या तसं नांदतं. अशा शब्दापुढे तो कोणत्या नियमानंतर आला, एवढं वहीत लिहून ठेवा.