ईडिपस शिकवण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. यंदा द्वितीय वर्षाच्या वर्गाला सोफोक्लीसचे ‘राजा ईडिपस’ शिकवण्याचे काम तुझ्याकडे आले, याचा मला मनापासून आनंद झाला. पहिल्या तासाला शोकात्मिकेच्या संज्ञा फळ्यावर लिहून द्याव्यात का, आणि कथा आधीच सांगून टाकली तर मुलांची उत्कंठा जाईल का, असे दोन प्रश्न तू विचारले आहेस. माझे मत असे की कथा खुशाल सांगून टाक. संज्ञा मात्र राखून ठेव.

हे मी माझ्याच चुकीवरून सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी सहा संज्ञा व्याख्यांसह वहीत उतरवून दिल्या आणि मग नाटकाकडे वळले. परीक्षेत व्याख्या अगदी निर्दोष आल्या. पुढे तोंडी परीक्षेत एका हुशार मुलीला मी विचारले की, ईडिपसच्या घोट्यांवर व्रण कसले होते? ती गोंधळून गेली. तेवढे तिने वाचलेच नव्हते, कारण व्याख्या पाठ झाल्यावर नाटक वाचण्याची गरज तिला उरली नव्हती, आणि ती गरज मीच संपवली होती.

मुलांना एक साधा हिशेब दाखव. सोफोक्लीस इ.स.पू. ४०६ मध्ये वारला आणि अ‍ॅरिस्टॉटल जन्मला इ.स.पू. ३८४ मध्ये. म्हणजे ज्या शब्दांनी आपण हे नाटक उलगडतो, त्यांतले बहुतेक शब्द ‘काव्यशास्त्रा’त मांडणारा माणूस नाटककाराच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी जगात आला. नाटक आधी घडले, लोकांनी ते पाहिले, आणि त्यांना जे झाले त्याला नावे पुष्कळ नंतर मिळाली. वर्गातही हाच क्रम असावा.

कथेबद्दलची तुझी भीती मात्र अनाठायी आहे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की तुझ्या वर्गातली निम्मी मुले देवळासमोर दशावतार पाहत पहाटेपर्यंत बसतात. पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक असते. आज ते कसे होणार, संकटात सापडलेला राजा ऐन वेळी काय बोलणार, यासाठी ती जागतात. अथेन्सच्या उघड्या नाट्यगृहात बसलेल्या प्रेक्षकालाही ईडिपसची कथा अशीच ठाऊक होती. बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील, ही देववाणी टाळण्यासाठी तो कॉरिंथ, म्हणजे ज्यांना आईबाप समजतो त्या राजा पॉलिबस आणि राणी मेरोपी यांचे घर, सोडतो, वाटेत तिठ्यावर एका वृद्धाला, म्हणजे आपला खरा बाप असलेल्या थीब्जच्या राजा लायसला, न ओळखता ठार करतो, थीब्जला येऊन स्फिंक्स राक्षसिणीचे कोडे सोडवतो आणि विधवा राणी जोकास्टाशी, म्हणजे आपल्याच आईशी, नकळत लग्न करून राजा होतो. एवढे सगळे नाटक सुरू होण्यापूर्वीच घडून गेले आहे, हे मुलांना पाच मिनिटांत सांग. नाटकात उरतो तो फक्त शोध.

पहिल्या प्रवेशासाठी तुला दूर जावे लागणार नाही. साथीने गांजलेले लोक हातात फांद्या घेऊन राजवाड्याच्या पायऱ्यांवर बसले आहेत आणि पुजारी त्यांच्या वतीने बोलतो आहे. आपल्याकडे गावकार देवापुढे गाऱ्हाणे घालतो ते ज्यांनी ऐकले आहे, त्यांना या भाषणाची लय लगेच कळेल. डेल्फीच्या देवाला विचारायला राणीचा भाऊ क्रेऑन याला का पाठवले, हेही कौल लावणाऱ्या गावात समजावत बसावे लागत नाही. फरक एवढाच सांग की आपला कौल बहुधा उजवा की डावा एवढेच सांगतो, डेल्फीचा देव वाक्यात बोलतो, आणि त्या वाक्याचा अर्थ लावण्याची जोखीम माणसावर पडते.

लायसचा खुनी शोधून काढला की साथ हटेल, असा देवाचा निरोप क्रेऑन आणतो, आणि मग राजाची घोषणा येते. लायसच्या खुन्याला तो शाप देतो, तो माझ्या घरात माझ्या माहितीने असला तर हा शाप मलाच लागो असे म्हणतो, आणि जणू लायस माझा स्वतःचा बाप आहे अशा रीतीने मी त्याच्यासाठी लढेन, असे वचन देतो. हे वाक्य एका मुलाला मोठ्याने वाचायला लाव आणि थांब. कोणीतरी हळूच म्हणेल, ‘पण तो त्याचा बापच आहे ना!’ तेव्हा फळ्याकडे वळून ‘नाट्यात्म उपरोध’ हे शब्द लिही. पात्राला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असल्यामुळे शब्दाला दुसरा अर्थ येतो, ही व्याख्या त्या मुलाने तुझ्याआधीच केलेली असेल.

सर्वांत जास्त वेळ कॉरिंथहून आलेल्या दूताच्या प्रवेशाला दे. माझ्या मते सगळे नाटक या प्रवेशावर तोलले आहे. राजा पॉलिबस वारला, तुमच्या हातून बाप मारला जाणे आता शक्यच नाही, अशी सुवार्ता दूत घेऊन येतो. आईची भीती अजून उरली आहे असे ईडिपस म्हणतो, तेव्हा तीही दूर करावी म्हणून तो भला माणूस सांगतो की मेरोपी तुमची आई नव्हेच. घोटे टोचून बांधलेले तुम्हाला मी लायसच्या एका धनगराकडून घेतले होते. भीती घालवायला उच्चारलेल्या त्याच शब्दांनी भीती खरी होते. अ‍ॅरिस्टॉटल ‘पेरिपेटिया’ म्हणतो तो हाच विपर्यास, आणि त्याने उदाहरणही याच दूताचे दिले आहे. येथे भरती-ओहोटीचा दाखला देण्याचा मोह तुला होईल, मलाही होत असे, तो टाळ. ओहोटी तिच्या वेळेला येतेच. येथे एक कृती ज्या हेतूने केली त्याच्या नेमकी उलट फळते.

आता जोकास्टाकडे पाहा. आपल्या तान्ह्या मुलाचे घोटे जखडून त्याला डोंगरावर टाकून दिल्याचे तिने थोड्याच वेळापूर्वी स्वतःच सांगितले आहे. दूत घोट्यांचा उल्लेख करतो तेव्हा ती तेथेच उभी आहे, आणि साठाहून अधिक ओळी तिच्या तोंडी एकही शब्द नाही. रंगमंचावर तीन बोलणारे नट एकाच वेळी आहेत. तिसरा नट सोफोक्लीसने आणला असे अ‍ॅरिस्टॉटल नोंदवतो, आणि तो तिसरा कशासाठी हवा होता ते येथे दिसते. दोघे बोलत राहतात आणि तिसरीला कळत जाते. नटाच्या तोंडावर मुखवटा होता, त्यामुळे चेहऱ्यावर काही उमटणे शक्य नव्हते. जे काय दिसायचे ते मानेच्या, खांद्यांच्या, हातांच्या हालचालीत. एकदा मी हा प्रवेश तीन मुलांकडून वर्गात करवला. जोकास्टा झालेल्या मुलीच्या चेहऱ्यावर जाड कागदाचा मुखवटा होता. ‘घोटे’ हा शब्द आला आणि तिचा उजवा हात सावकाश टेबलाच्या कडेवर गेला आणि तेथेच राहिला. बाहेर आषाढातला पाऊस पत्र्यांवर कोसळत होता, दोन्ही मुलांना ओरडून वाचावे लागत होते, आणि अख्खा वर्ग त्या हाताकडे पाहत होता. ‘अ‍ॅनाग्नोरिसिस’, म्हणजे ओळख पटणे, हा शब्द मी त्यानंतर दिला.

त्याला मराठीत ‘अभिज्ञान’ म्हणावे, कारण मग शाकुंतल आपोआप शेजारी येऊन बसते. तेथे सहाव्या अंकाच्या आरंभी एका कोळ्याला रोहू माशाच्या पोटात अंगठी सापडते आणि तिच्यामुळे राजाला सारे आठवते. येथे एका वृद्ध धनगराकडून सत्य वदवून घेतले जाते. मासेमारांच्या घरची मुले तुझ्यासमोर असतील, त्यांना हे आवर्जून दाखव की दोन्ही नाटकांत राजाला ओळख सामान्य माणसाच्या हातून पटते. कालिदासाकडे पटलेली ओळख पुढे मिलनाकडे नेते. सोफोक्लीसकडे ओळख पटणे हाच अनर्थ आहे.

‘हमार्शिया’बद्दल मी तुला थोडे आग्रहाने सांगणार आहे. मार्गदर्शकांत त्याचा अर्थ ‘नायकाच्या स्वभावातील दोष’ असा छापलेला असतो आणि मुले लिहून मोकळी होतात की ईडिपस गर्विष्ठ व तापट होता म्हणून त्याचा नाश झाला. तो तापट आहे, हे खरे. तिठ्यावरही आणि अंध द्रष्टा टायरेसियस याच्यासमोरही तो तापटपणा दिसतो. पण देववाणी तर तो जन्मण्यापूर्वीचीच होती. मूळ ग्रीक शब्दाशी निगडित क्रियापद नेमबाजीतले आहे, आणि आपल्याकडे त्याला तयार शब्द आहे: नेम चुकणे. आईबापांना वाचवावे म्हणून ईडिपसने कॉरिंथ सोडले. हेतू चांगला, नेम मात्र चुकला, कारण लक्ष्य कोठे आहे हे त्याला माहीत नव्हते. कोणी ‘एकच प्याला’तल्या सुधाकराचे नाव काढील, काढू दे. पहिला प्याला उचलताना आपण काय उचलतो आहोत हे सुधाकराला ठाऊक असते, ईडिपसला नसते. हा भेद मुलांनाच शोधू दे आणि त्यावर त्यांना भांडू दे.

कोरस म्हणजे थीब्जचे पंधरा वृद्ध, एवढे सांगून पुढे जा. त्यांची गाणी वाचून घेतलीस की पुरे.

शेवटचा प्रवेश तास संपण्याच्या बेताने ठेव. ईडिपसने राणीच्या पिनांनी डोळे फोडून घेतले, हे आपण पाहत नाही, सेवकाच्या तोंडून ऐकतो. मग तो बाहेर येतो आणि अँटिगनी व इस्मिनी या लहान मुलींना चाचपडत हाक मारतो, या हातांजवळ या म्हणतो, जे हात त्यांच्या बापाचेही आहेत आणि भावाचेही. हे वाचून झाल्यावर वर्ग गप्प होईल. त्या वेळी फळ्याकडे वळू नकोस, हजेरीही घेऊ नकोस. ‘कॅथार्सिस’ दुसऱ्या दिवशी घे. करुणा आणि भय यांचे विरेचन, म्हणजे निचरा, असे अ‍ॅरिस्टॉटल व्याख्येत म्हणतो आणि त्याचा खुलासा करत नाही, म्हणून त्या शब्दावर आजही वाद चालतो. काल तास संपल्यावर तुम्ही लगेच का उठला नाहीत, एवढ्या प्रश्नाने सुरुवात कर आणि त्यांची उत्तरे नीट लिहून घे.

जोकास्टाचे काम कोणाकडे दिलेस, ते मला कळव. जी मुलगी वर्गात फारशी बोलत नाही, तिला आधी विचार.

तुझ्या
बाई