वाळूचा कण सॅटेलाइटला दिसतो का?

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीत भूगोलात एमएस्सी करतेय. सेंटिनेल-२ ह्या युरोपीय सॅटेलाइटचे फुकट मिळणारे फोटो वापरून पुळणीवरची वाळू किती जाड किती बारीक ते काढायचं असं प्रोजेक्टसाठी डोक्यात आहे. किनाऱ्यावर न जाता जमेल का?
– एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : न जाता नाही जमणार, हे आधीच सांगून टाकते. वाळूचा कण ०.०६ ते २ मिलिमीटरचा आणि सेंटिनेलचा सगळ्यात बारीक पिक्सेल १० बाय १० मीटरचा, म्हणजे कण दिसायचा प्रश्नच नाही, दिसतो तो त्या शंभर चौरस मीटरातून परत आलेला उजेड, आणि त्यावरून आपण अंदाज बांधायचा. वाळू एकाच जातीची आणि कोरडी असेल तर बारीक वाळू जास्त उजळ दिसते, जाड कमी. लॅबमध्ये हे झकास जमतं. किनाऱ्यावर मात्र मध्ये ओल येते, ओला शर्ट गडद दिसतो तशी ओली वाळूही गडद, आणि त्यात तुमच्या रत्नागिरीची खास भानगड म्हणजे इल्मेनाइट-मॅग्नेटाइट ह्या खनिजांची काळी वाळू! मग गडद पिक्सेल दिसला की तो ओला आहे, जाड आहे की नुसताच काळा आहे, सांगा बरं.

त्यासाठी शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे, बँड (उजेडाचे पट्टे) ११ आणि १२ बघा, तिथे पाणी उजेड जाम खातं म्हणून ओल वेगळी कळते. पण त्यांचा पिक्सेल २० मीटरचा, पुळण अरुंद असेल तर अर्ध्या पिक्सेलात सुरूची झाडंच येतात. ओलीचा एक फायदा पण आहे, ओहोटी लागली की जाड वाळू पटकन निथळते आणि चिखल तासन्‌तास ओलाच राहतो, त्यामुळे खाडीच्या तोंडाशी चिखल कुठे आणि वाळू कुठे हे बऱ्यापैकी वेगळं काढता येतं. मिलिमीटरमध्ये आकडा हवा असेल तर मात्र ठिकठिकाणची मूठभर वाळू आणा, वाळवा, चाळा आणि मग फोटोशी ताडून बघा.

आता खरी गोची. सेंटिनेल-२ आपल्याकडे सकाळी अकराच्या आसपास येतो, कायम त्याच वेळेला. भरतीचा आपला जुना हिशोब तुमच्या घरी कुणालाही विचारा, तिथीची पाऊणपट. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सॅटेलाइट डोक्यावर आणि खाली नेमकी उधाणाची भरती! अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी, तेव्हा पुळण उघडी दिसेल पण ती भांगाची ओहोटी, पाणी फार मागे जातच नाही. उधाणाची मोठी ओहोटी पहाटे नाहीतर संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला, त्यामुळे सगळ्यात खालचा पट्टा ह्या सॅटेलाइटला दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. फोटो डाउनलोड करायच्या आधी कालनिर्णय उघडा, ढगांचा फिल्टर नंतर लावा. सेंटिनेल-१ हा रडारवाला मात्र सकाळ-संध्याकाळ सहा-साडेसहाच्या आसपास जातो आणि ढगातूनही बघतो. त्याच्या लहरी साडेपाच सेंटिमीटरच्या, त्यांना कण कळत नाही, वाळूवरच्या लाटांच्या वळ्या आणि ओल कळते. दोन्ही जोडून वापरलंत तर प्रोजेक्टला वजन येईल.

प्रश्न : सॅटेलाइट फोटोत खंबातच्या आखातातलं पाणी चहासारखं दिसतं आणि मालवणकडे कुठे कुठे पांढुरकं. दोन्हीकडे वाळूच तरंगते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : वाळू जड, ती लगेच खाली बसते. खंबातला तरंगतो तो बारीक गाळ, नर्मदा-तापी-मही आणून टाकतात आणि तिथली भरती-ओहोटी इतकी दांडगी की तो खाली बसूच देत नाही. स्वच्छ पाणी निअर-इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे लालच्या पलीकडच्या न दिसणाऱ्या उजेडात, जवळपास काळं दिसतं, म्हणून तिथे जो काही उजेड दिसेल तो बहुतेक गाळाचा, त्यावरून लिटरमागे किती मिलिग्रॅम ते काढतात. थोडा गाळ असेल तर लाल बँड चालतो पण खंबातसारख्या ठिकाणी तो लाल बँड भरून जातो आणि आकडा पुढे सरकतच नाही. मालवणचं उलटं, तिथे पाणी उथळ आणि नितळ असेल तेव्हा तळाची पांढरी वाळूच वर दिसते, तिला गाळ समजून आकडे काढू नका. आणि पावसाळ्यात नद्या सगळ्यात जास्त गाळ आणतात तेव्हाच वर ढग, ऑप्टिकल, म्हणजे उजेडावर चालणारा, सॅटेलाइट चार महिने जवळजवळ आंधळा.

प्रश्न : मोबाइलच्या फोटोवरून वाळूचा कण मोजता येतो म्हणे, खरं का?
– एक शिक्षक, गुहागर

उत्तर : हो, आणि हे मला सॅटेलाइटपेक्षा जास्त आवडतं. अमेरिकन भूगर्भ खात्याच्या डेव्हिड रुबिन यांनी २००४ मध्ये सोपी युक्ती दिली, फोटोत शेजारशेजारचे पिक्सेल एकमेकांसारखे किती लांबपर्यंत दिसतात ते मोजायचं, जाड वाळूत लांबपर्यंत, बारीक वाळूत लगेच बदलतात. फोटो सरळ वरून काढा, वाळू कोरडी हवी, सावली सगळीकडे सारखी, बाजूला मोजपट्टी ठेवा आणि एक कण निदान चार-पाच पिक्सेलचा येईल इतक्या जवळून. आधी चाळून मोजलेल्या चार-सहा नमुन्यांवर पोरांकडून कॅलिब्रेशन, म्हणजे फोटोचा आकडा खऱ्या मापाशी जुळवणं, करून घ्या, नाहीतर येणारा आकडा नुसताच आकडा.