सोनेरी पाऊस का पडला नाही?

प्रश्न : बारावीच्या ‘सोनेरी पाऊस’ या प्रयोगासाठी लेड नायट्रेट आणि पोटॅशियम आयोडाइड मिसळून लेड आयोडाइड केले. पिवळा साका आला, पण उकळूनही विरघळला नाही. लेड नायट्रेटचे द्रावण तर आधीच दुधाळ झाले होते. चुकले कुठे?

उत्तर : दुधाळपणा नळाच्या पाण्याचा. त्यातल्या सल्फेट, कार्बोनेटशी शिसे पांढरा साका देते. ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी घ्या, त्यात ॲसेटिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाका.

साका न विरघळण्याचे कारण बहुधा प्रमाण. 100 मिलि पाण्यात लेड आयोडाइड 20 अंशांना जेमतेम 0.08 ग्रॅम विरघळते, उकळत्या पाण्यात 0.4 ग्रॅमच्या आसपास. चमचाभर पूड टाकली तर कितीही उकळा, तळाशी राहणारच! दोन्ही क्षार प्रत्येकी 0.25 ग्रॅम, वेगवेगळ्या 50 मिलि पाण्यात घ्या. (331 ग्रॅम लेड नायट्रेटला 332 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड लागते, म्हणून वजने सारखी.) ती मिसळली की साका सुमारे 0.35 ग्रॅम पडेल आणि उकळी येता येता द्रावण रंगहीन होईल.

आता थंड करायची घाई नको. बर्फात ठेवलेत तर नुसती पिवळी भुकटी मिळते. चंचुपात्र (बीकर) फडक्यात गुंडाळून, न हलवता ठेवा. लेड आयोडाइडच्या षट्कोनी चकत्या चमकत खाली उतरतात, हाच सोनेरी पाऊस.

पोटॅशियम आयोडाइड सढळ हाताने ओतू नका, जास्त झाले की विरघळणारे संयुग बनून साकाच नाहीसा होतो.

शिसे विषारी आहे. हातमोजे घाला, प्रयोग घरी करू नका आणि उरलेले द्रावण बेसिनमध्ये न ओतता चिठ्ठी लावलेल्या बाटलीत साठवा.